गार इंजिन



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधे पुण्याहून भाचीचा फोन आला, "मामा, लिहिणं बंद का केलंत?" बंद केलं नव्हतं हो. मी एका गाडीखाली आडवा होतो. घाबरू नका, अपघात वगैरे नाही. मराठी घेऊन बी. ए. झालेला, ३६ वर्षं मुलांना समास आणि शिवकाल शिकवलेला हा माणूस वयाच्या ७४व्या वर्षी एका जुन्या डिझेल पिकअपखाली गोणपाट टाकून झोपला होता आणि टॉर्चच्या उजेडात चेसिस बघत होता. सौ.ला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "हेच एक राहिलं होतं!"

तर ही त्या पिकअपची गोष्ट.

नव्या वाचकांसाठी आधी गावाबद्दल थोडं. आमचं म्हसावद शहादा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आम्ही धुळे जिल्ह्यातले. उत्तरेकडे पाहिलं की डोंगर, आणि त्या डोंगरात शिरणारा धडगावचा रस्ता. खाली सपाटीवर केळी, ऊस, कापूस, मिरची आणि गेल्या काही वर्षांत पपईच पपई. आमच्या भागातली पपई ट्रक भरभरून दिल्ली, राजस्थान, पंजाबकडे जाते.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा शेती बघतो. थोडी पपई, थोडी मिरची, बांधावर भाजीपाला. त्याची अडचण वाहनाची. भाजी शहाद्याला न्यायची, मिरची नंदुरबारच्या बाजारात न्यायची, तर प्रत्येक वेळी भाड्याची गाडी. भाडं तर द्यायचंच, वर गाडीवाल्याची वाटही बघायची. पपईला पिवळी रेघ आली की ती कोणासाठी थांबत नाही. एकदा गाडी दीड दिवस उशिरा आली आणि खालचा सगळा थर मऊ पडला. त्या दिवशी तो माझ्याकडे येऊन बसला आणि म्हणाला, "काका, जुनी का होईना, स्वतःची पिकअप घेतो."

नवी घ्यायची तर नऊ-दहा लाखांच्या घरात जाते. जुनी चार-पाच लाखांत मिळते. त्याच्याजवळ दोन होते. उरलेले तीन लाख मी देतो म्हणालो. निवृत्त झाल्यापासून औषधपाण्यासाठी म्हणून बाजूला ठेवलेली रक्कम होती ती. सौ.ची संमती घेतली, तिने मान हलवली, पण तोंडाने काही बोलली नाही. जाणत्यांना अर्थ कळला असेल.

गाडी शोधायलाही लांब जावं लागलं नाही. शेजारच्या गावात माझा एक जुना विद्यार्थी राहतो. त्याची पिकअप विकायची आहे असं कळलं. २०१७चं मॉडेल, मीटरवर ९२ हजार किलोमीटर, किंमत पाच लाख. (कंपनीचं नाव सांगत नाही. जे दोष निघाले ते कंपनीचे नव्हते, वापराचे होते.) मी पुतण्याला म्हणालो, "अरे, तो माझ्या हाताखालून गेलेला मुलगा. त्यात बघायचं काय?"

यावर सौ. पहिल्यांदा बोलली. "मुलगा तुमच्या हाताखालून गेलाय, गाडी नाही."

मग पुतण्याने शहाद्याहून एका मिस्तरीला बोलावलं. तोही माझाच विद्यार्थी निघाला! आठवीत माझ्या तासाला मागच्या बाकावर बसून पेनं खोलायचा. तेव्हा मी त्याला त्यासाठी उभं करायचो. असो.

आम्ही तिघे दुपारी गेलो. गाडी धुऊनपुसून निंबाच्या सावलीत उभी. खुर्च्या मांडलेल्या, चहा तयार. विद्यार्थी वाकून पाया पडला. "बठ्ठं बराबर शे, सर. तुम्हाला खोटं सांगेन का?" मला इतकं बरं वाटलं की इसाराचे पैसे तिथेच द्यावेत असं मनात आलं. मिस्तरीने मात्र चहाला हात लावला नाही. तो थेट गाडीपाशी गेला, बॉनेट उघडलं आणि इंजिनवर नुसता तळहात ठेवला.

"गाडी आत्ता कुठून आणली का?"

"नाही, सकाळपासून इथेच उभी आहे."

मिस्तरीने बॉनेट हळूच लावलं. "दादा, आम्ही उद्या सकाळी सहाला येतो. तोवर चावी लावू नका."

परतीच्या वाटेवर मी मिस्तरीवर चिडलो होतो. माणसाने चहा दिला, पाया पडला, आणि आपण त्याच्या दारात चोर पकडायला आल्यासारखे वागलो! मिस्तरी शांतपणे म्हणाला, "सर, इंजिन गरम होतं. डिझेल गाडी गरम असली की म्हातारीसुद्धा पहिल्या चावीत उठते. खरं काय ते गार असताना कळतं."

मग त्याने मला समजावलं. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडायला प्लग असतो. डिझेलला ठिणगीच नसते. सिलेंडरमधली हवा सोळा-अठरा पट दाबली जाते, दाबामुळे ती इतकी तापते की वरून फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. सायकलला हवा भरताना पंप गरम लागतो ना, तसंच. आता रिंगा झिजल्या असतील, व्हॉल्व्ह नीट बसत नसतील, तर हवा निसटते, दाब कमी पडतो. गरम इंजिनात हे झाकून जातं. रात्रभर गार पडलेल्या इंजिनात झाकत नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन गृहस्थाने १८९७ मध्ये हे इंजिन यशस्वी करून दाखवलं आणि १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात ते चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं, हे मी नंतर वाचलं. पण दाबाची गोष्ट मला मागच्या बाकावरच्या मुलाने शिकवली. त्या वेळी त्याची पेनं जप्त केली होती, ती परत दिली होती का, हे काही आठवेना.

रात्री झोप लागली नाही. वडील आठवत होते. वडील बैल घ्यायला जायचे तेव्हा मला बरोबर नेत. आधी तोंड उघडून दात बघायचे. आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला. मग खूर, मग खांदा. मग चालवून बघायचे आणि शेवटी गाडीला जुंपून, कारण काही बैल दिसायला देखणे पण जू मानेवर आलं की बसकण मारणारे. विकणारा अनेकदा सोयराच असे. तरी वडील एकही पायरी गाळत नसत आणि सोयऱ्यालाही त्याचं काही वाटत नसे. रुमालाखाली बोटं दाबून सौदा व्हायचा, मग दोघं मिळून भजी खायचे. आता याच दिवसांत सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते, तिथे घोडा घेणारे आजही दात, भोवरे आणि चाल बघितल्याशिवाय पुढे बोलत नाहीत. मग मलाच बघण्याची लाज का वाटावी?

आणि खरं सांगू? ३६ वर्षं मी वह्या तपासल्या. आवडत्या मुलाचीही वही तपासली, हेडमास्तरांच्या मुलाचीही तपासली. वही तपासली म्हणून कोणी म्हणालं नाही की सर, तुमचा माझ्यावर विश्वास नाही का! मग गाडी तपासताना असं का वाटतं? भीड भिकेची बहीण, ही म्हण मी कितीतरी वर्गांना अर्थासह लिहून दिली. स्वतःला लागू करायची वेळ मात्र आत्ता आली.

डिसेंबरातली पहाट. सातपुड्यावरून येणारा वारा कानात शिरत होता. सहाला आम्ही हजर. विद्यार्थी झोपेतून उठून आलेला, चेहऱ्यावर कालचं हसू नव्हतं. मिस्तरीने बॉनेटवर हात ठेवला. गार. मान डोलावली.

चावी लावण्याआधी त्याने रेडिएटरचं झाकण उघडलं. (हे गार असतानाच उघडायचं, गरम असताना उघडलं तर तोंड भाजेल.) पाण्यावर तेलाचा तवंग नव्हता. ऑइलची पट्टी काढून पाहिली. डिझेल गाडीचं ऑइल काळंच असतं, त्याला घाबरायचं नाही. ते दुधाळ दिसलं तर घाबरायचं, कारण मग आत पाणी शिरलेलं असतं. इथे तसं नव्हतं.

गाडी दुसऱ्या चावीत सुरू झाली. मागे पांढरा धूर आला आणि मिनिटभरात विरला. थंडीत तेवढा चालतो म्हणाला. पांढरा जातच नसेल तर पाणी किंवा न जळलेलं डिझेल, निळा असेल तर इंजिन ऑइल पितंय, आणि रेस केल्यावर काळा लोट सुटत असेल तर डिझेल पुरतं जळत नाही. मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल केलं. आतून भकाभका वाफ मारली तर त्याला ते लोक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, म्हणजे रिंगा गेल्या. इथे नुसती झुळूक होती. मिस्तरी माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, इंजिन चांगलं आहे."

मला हायसं वाटलं. उगाच मुलावर संशय घेतला असंही वाटलं. मिस्तरी मागे कमानपाटे बघायला गेला. पाटे जास्तीचे घातलेले असतील तर समजायचं की गाडीने आयुष्यभर पेलण्यापेक्षा जास्त ओझं वाहिलंय. मी आपला ड्रायव्हरच्या दाराशी उभा होतो, करायला काही नव्हतं म्हणून इकडेतिकडे बघत होतो.

दाराच्या आतल्या चौकटीवर एक अर्धवट खरवडलेला स्टिकर होता. ऑइल बदललं की गॅरेजवाले लावतात तसला. चष्मा पुसला. वाईट अक्षर वाचण्यात माझी हयात गेली आहे, खोडलेलं उत्तरही मी वाचतो. बॉलपेनने लिहिलं होतं, पुढील ऑइल १,८४,०००. खाली तारीख, मार्च २०२२.

मीटरवर होते ९२ हजार.

मी पुन्हा वाचलं. मग खाली पाहिलं. क्लच आणि ब्रेकच्या पायट्यांवरचं रबर पार गुळगुळीत, स्टेअरिंगची वरची कड हातांनी घासून चकचकीत झालेली. ही झीज ९२ हजारांची नव्हती. काल हे सगळं माझ्यासमोरच होतं, पण काल मी चहा पीत होतो.

आता बोलायचं कसं? पुतण्या बघत होता. गप्प बसलो असतो तर कोणाला कळलंही नसतं. शेवटी वर्गात विचारायचो तसंच विचारलं, आवाज न चढवता. "अरे, हा आकडा कोणाचा?"

तो जवळ आला, वाकला, वाचलं. बराच वेळ वाकूनच राहिला. मग म्हणाला, "सर, मी २०२३ मध्ये घेतली तेव्हा मीटरवर ७१ हजार होते."

२०२२ मध्ये पावणेदोन लाखांच्या पुढे, आणि २०२३ मध्ये ७१ हजार! म्हणजे मीटर याच्याकडे यायच्या आधीच मागे फिरलं होतं. "तू बघितलं नव्हतंस?" "पाहुण्यांची गाडी होती सर. कसं बघणार?"

मला त्याचा राग येईना. माझ्यासारखाच भीडेत सापडलेला माणूस. हे नंतर त्याच्या लक्षात आलं होतं का, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तेवढ्यात गाडीखालून मिस्तरीची हाक आली. "सर, जरा खाली या." गोणपाटावर झोपून मी टॉर्च धरला. चेसिसच्या मागच्या भागात, कमानपाटा जिथे अडकवतात तिथे, वीतभर जागेवर नवा काळा रंग. बाकी सगळीकडे जुनी धूळ आणि तेवढाच तुकडा चकचकीत. मिस्तरीने स्क्रू ड्रायव्हरने रंग खरवडला. खाली वेल्डिंगची जाड गाठ आणि तिच्या कडेने केसाएवढी बारीक चीर, पुन्हा फाटत चाललेली.

"इंजिन बांधता येतं," मिस्तरी म्हणाला, "ही चीर ओझ्याखाली कधी उघडेल ते नाही सांगता येत."

आमच्याकडे हे नुसतं बोलणं नाही. त्याच्या दोन महिने आधीच, ऑक्टोबर २०२५ मध्ये, अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदशैलीच्या घाटात उलटली आणि तरुण पोरं गेली. त्या गाडीत काय बिघडलं होतं, यावर मी काही बोलणार नाही. पण आमची पिकअप याच डोंगरांकडे जाणार, हे मला गाडीखाली पडल्या पडल्या दिसत होतं. वर माझे तीन लाख होते, आणि ती चालवणार होता माझ्या भावाचा मुलगा.

मी उठलो, कपडे झटकले आणि म्हणालो, "ही गाडी आम्ही घेत नाही. आणि तूही हिच्यावर माल भरू नकोस. आधी चेसिस नीट करून घे."

पुतण्या नाराज झाला. भाव कमी करून घ्यायला हवी होती, असं त्याचं म्हणणं. तीन आठवडे घरात बोलणं कमीच होतं, आणि दोन तोडे भाड्याच्या गाडीनेच गेले.

नंतर नंदुरबारला एक मिळाली. २०१८चं मॉडेल, किंमत पाच लाख चाळीस हजार, म्हणजे जास्तच. पण मालक स्वतःच म्हणाला, "क्लच वर्षभरात करावा लागेल." उणीव आपणहून सांगणारा माणूस भेटला की अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं तरी आम्ही सोडलं नाही. पहाटे गेलो, गार इंजिन सुरू केलं, मीही गाडीखाली गेलो. चेसिसवर ठोकलेला नंबर असतो, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि उमटलेला नंबर आरसी बुकाशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहिला. लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तसा. हे काम मात्र मी कोणालाच करू दिलं नाही.

कागदांच्या बाबतीत मी जरा जास्तच कडक आहे, त्याला कारण आहे. १९९९ मध्ये मी माझी जुनी एम-८० विकली. घेणारा ओळखीचा, पैसे हातात मिळाले, नाव बदलायचं तो म्हणाला "करून घेतो". दोन वर्षांनी पोलीस माझ्या दारात! त्या गाडीने कोणाला तरी धडक दिली होती आणि कागदोपत्री मालक मीच. माणूस वाचला म्हणून मीही वाचलो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका निकालात हेच सांगितलं, की नोंदीवर ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. गाडी विकली, चावी दिली, एवढ्याने सुटका होत नाही.

म्हणून या वेळी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय शेवटचे पैसे दिले नाहीत. गाडीवर कर्ज होतं, ते फिटल्याचं बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ घेतला. विमा आपल्या नावावर करून घ्यायला १४ दिवसांत अर्ज करायचा, तो केला. मालवाहू गाडीला आठ वर्षं झाली की फिटनेस दरवर्षी करावा लागतो, त्याची तारीख सौ.च्या कॅलेंडरवर लिहून ठेवली. खेतियाकडची, मध्य प्रदेश पासिंगची एक गाडी स्वस्तात मिळत होती. पण मग तिकडच्या आरटीओची एनओसी, इकडे नवी नोंदणी, इकडचा कर... ते गणित जमेना. आपली एमएच-३९ बरी.

पुतण्याला गाडी देताना मी एकच अट घातली. मागे माल भरायचा, माणसं नाही. लग्न असो, यात्रा असो, मजूर असोत. मालवाहू गाडीत माणसं कोंबायला कायद्याची परवानगी नाही, आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करते. तो "हो" म्हणाला. आमच्या भागात ही अट पाळणं किती अवघड आहे ते मला माहीत आहे. हात दाखवणारा प्रत्येक जण ओळखीचा असतो. म्हणजे भीड पुन्हा आलीच. आता ती त्याने सांभाळायची.

आणि तो विद्यार्थी? मागच्या महिन्यात शहाद्याच्या स्टँडवर दिसला. "नमस्ते सर" म्हणाला, पण थांबला नाही. पूर्वी थांबायचा, मुलांची नावं सांगायचा. वाईट वाटलं. त्या दिवशी बोललो याचा पश्चात्ताप मात्र नाही. पुतण्या म्हणाला, त्याने चेसिस नंतर खोलून नीट करून घेतलं म्हणे. ते ऐकून त्या रात्री बरी झोप लागली.

नातेवाईक मंडळींपैकी कोणी जुनी गाडी बघत असेल तर मला जरूर बोलवा. गोणपाट आणि पेन्सिल माझी. आणि गाडी सोयऱ्याची असली तरी दुपारी चहाला जाऊ नका. पहाटे जा, इंजिन गार असताना.